देवीच्या झाडावरची काळी मोटार

सोलापुरात एखाद्या बाईला खेळण्यातल्या मोटारी जमवायच्या असल्या, तर तिला एक भाचा लागतो. मला भाचा नव्हता, मी आईबापाची एकुलती एक. पण दुकानात गेलं की काउंटरमागचा माणूस विचारणारच, "कितवं वर्ष बाळाला?" आणि मी तोंड वर करून सांगायचे, "सहावं लागलंय." हा माझा भाचा कित्येक वर्षं सहाचाच राहिला. शेवटी नव्या पेठेतला एक दुकानदार म्हणाला, "बाई, पोराला डॉक्टरला दाखवा की. वाढंना झालंय." मी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाही.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते, आमचे हे एका कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून. भाड्याच्या दोन खोल्या, खाली दिवसभर मागांचा खटखटाट. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नसलेली बाई पगारातून खेळण्यातल्या गाड्या घेते, हे बाहेर कळलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. सोनं घे, साड्या घे, अगदीच काही नाही तर स्टीलचे डबे घे आणि त्यावर नाव घालून घे. मोटारी कसल्या घेतेस बाई?

पण त्या मोटारी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. जत्रेत मिळतात त्या पत्र्याच्या, किल्ली फिरवून पळणाऱ्या नव्हेत. साच्यात धातू ओतून केलेल्या, तळहातावर मावणाऱ्या आणि आकाराच्या मानाने चांगल्याच जड. दाराची फट, बॉनेटवरची रेघ, पाठीमागचा नंबर लिहायची पाटी, सगळं जिथल्या तिथं. चाक बोटाने फिरवलं की कितीतरी वेळ फिरत राहतं. मला अजूनही हातात घेतली की बरं वाटतं. लहान मुलासारखं म्हणा, माझी ना नाही.

ह्याचं मूळ अण्णांपाशी. अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरसाहेबाची मोटार चालवायचे. काळी, लांब नाकाची इंग्लिश मोटार. साहेब ऑफिसात गेला की अण्णा शेडमध्ये गाडी पुसत बसायचे आणि मी त्यांचा डबा घेऊन जायचे. पुढचे दोन दिवे पुसायचं काम माझं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. अण्णा बॉनेट उघडून मला एकेक भाग दाखवायचे, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे. चुकलं की म्हणायचे, "जा, शाळेत जा तू, तुला हे जमायचं नाही." मी रडकुंडीला यायचे आणि तिसऱ्या दिवशी बरोबर सांगायचे. पुढे साहेब विलायतेला गेला, मोटार विकली गेली, अण्णा ट्रकवर लागले आणि माझ्या लग्नाआधीच वारले. त्या मोटारीजवळ उभे असलेले अण्णा, असा एकही फोटो आमच्याकडे नाही. साहेबाचे असतील.

म्हणून ती काळी मोटार मी शोधत होते. खरी मिळणार नव्हतीच, निदान तळहातावरची तरी मिळावी.

शोधायला मला साथ मिळाली ती मुंबईच्या एका ऑपरेटरची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही. ट्रंककॉल जोडताना सोलापूरची ऑपरेटर मुंबईच्या ऑपरेटरशी बोलते, तशी आमची ओळख झाली. लाइन मोकळी व्हायची वाट बघत दोघी हेडफोन कानाला लावून बसलेल्या, मग गप्पा होणारच. एकदा मी सहज मोटारींचं बोलून गेले आणि ती खो खो हसली. पण दोन-चार दिवसांनी तीच म्हणाली, "अगं सोलापूर, फोर्टात एक म्हातारा दुकानदार आहे, त्याच्याकडे विलायती गाड्या आहेत. कुठली हवी तुला?" तेव्हापासून ती सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायची, मला वर्णन सांगायची, आणि जमलं तर पार्सल करायची. ती मला नेहमी सोलापूरच म्हणायची, मी तिला मुंबई.

त्या म्हाताऱ्याने तिला सांगितलेलं आणि तिने मला तुकड्यातुकड्याने पोचवलेलं मला सगळं पाठ आहे. ह्या गाड्या मुळात खेळण्यातल्या आगगाडीबरोबर मांडायला केल्या होत्या. स्टेशनाबाहेर काहीतरी उभं दिसावं म्हणून. पुढे पोरं आगगाडी सोडून मोटारींच्याच मागे लागली. युद्ध आलं तेव्हा धातू लढाईला लागला आणि कारखाना बंद पडला. युद्धाआधीच्या गाड्यांच्या जस्तात कधीकधी शिसं मिसळलेलं असायचं, त्या वरून धडधाकट दिसतात आणि आतून भुसभुशीत होऊन एक दिवस हातात तुटतात. जुन्या गाड्यांना खिडक्या असतात पण काच नसते, बोट आरपार जातं. आणि आमच्या त्या वर्षांत कलकत्त्याला ज्या निघायच्या, त्या तर विलायतेतून विकत आलेल्या जुन्याच साच्यांतून. पोटाखालचं इंग्लिश नाव घासून टाकलेलं, रंग जाडसर, कडा ओबडधोबड. माझ्याकडे तशा पुष्कळ होत्या. परदेशी माल तेव्हा सहज मिळत नव्हता. पण साचा तोच, त्यामुळे मला त्या कमी प्रतीच्या कधी वाटल्या नाहीत.

सगळ्या गाड्या मी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कापसात गुंडाळून ठेवायचे. ह्यांना माहीत होतं. ते काही बोलायचे नाहीत. आमचे हे मुळातच कमी बोलणारे, आणि एका बाबतीत तर आम्ही दोघंही मूग गिळून बसलो होतो.

ती बाब अशी, की पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना तपासून स्पष्ट सांगितलं होतं, तुम्हाला मूल होणार नाही. दोष कुणात होता ते मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारा लगेच एकाकडे बोट करतो. पुण्याहून येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "आईला इतक्यात नको सांगायला." मी म्हटलं, बरं. ते 'इतक्यात' पुढे संपलंच नाही.

त्यांची आई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई करकंबला असायच्या, थोरल्या दिरांकडे. शेतीवाडी सोडून त्यांना शहरात करमायचं नाही, पण अधूनमधून यायच्या. येताना शेंगा, काळा मसाला, आणि जावेने हातात दिलेल्या भाकरीच्या पिठाचं गाठोडं. मला त्या कधी टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही फटकळ, दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण ती बाई टोचायची नाही. शेजारणीने काही विचारलं तर आत्याबाईच उसळून म्हणायच्या, "हुईल की! तुमाला का घाई? माज्या सुनंला नौकरी हाय, तुमच्यावानी रिकामी न्हाय ती."

एकदा मी ड्युटीवरून आले तर आत्याबाई कपाटासमोर बसलेल्या. खालचा कप्पा उघडा. वाकळ शोधायला म्हणून उघडला आणि कापसातून गाड्या निघाल्या. त्यांनी फरशीवर सगळ्या ओळीने मांडल्या होत्या आणि एक लाल बस हातात धरून चाक फिरवून बघत होत्या.

"ह्ये कुनाचं गं?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगणार? माझ्या आहेत म्हणून सांगायची लाज वाटली. भाच्याचं तिथं चालण्यासारखं नव्हतं. मी मान खाली घातली आणि पदराचं टोक चाळवत उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं तोंड असं फुललं की मला अजून दिसतं.

"असू दे, असू दे," त्या पुटपुटल्या. "आदी आनून ठिवू न्हाई म्हनत्यात बाळासाटी. पन आनल्यात तर आनल्यात. मी न्हाई कुनाला सांगत." आणि एकेक गाडी पदराने पुसून, पुन्हा कापसात गुंडाळून, त्यांनी कप्पा बंद केला.

तेव्हा एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच पडलं. त्या दिवसापासून घरात चोरी राहिली नाही. नवी गाडी आली की आत्याबाई विचारायच्या, "बाळाच्या गाड्या वाडल्या का गं?" आणि मी उघड उघड दाखवायचे. त्या हौसेने बघायच्या. मला माझ्या छंदाला घरात एक साथीदार मिळाली होती. तिला काय वाटतंय, हे मला पुरतं कळत होतं. तरी दाखवायचे. स्वतःची अशी शरम मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीपायी वाटत नाही.

मग एक दिवस मुंबईचा आवाज कानात आला, "सोलापूर, काळी मिळाली गं!" मी बोर्डावर मोठ्याने ओरडले, सुपरवायझर धावत आली. पार्सल आलं, उघडलं. तीच ती. लांब नाक, मोठाले दिवे, खिडक्यांना काच नाही. डाव्या दाराचा रंग थोडा उडालेला. मी ते दोन दिवे पदराच्या टोकाने पुसले आणि बसून घेतलं. ह्यांना सुद्धा सांगितलं नाही की ही अण्णांची. सांगितलं असतं तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं.

त्यानंतर आत्याबाई येऊन राहून गेल्या. त्या गेल्यावर काही दिवसांनी कप्पा उघडला तर काळी मोटार नाही. घर उलटंपालटं केलं. डबे रिकामे केले, गाद्या झटकल्या. दुसऱ्या गाड्या सगळ्या होत्या, तीच नव्हती. कामवालीला मी नको ते विचारून बसले, ती बिचारी दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. माझा आरडाओरडा ऐकून शेवटी हे म्हणाले, "अगं, आईनं नेलीय ती. देवीला बांधायला."

करकंबला शिवाराच्या कडेला एक लहानसं देवीचं देऊळ आहे, आणि पुढे कडुलिंबाचं झाड. मूल व्हावं म्हणून नवस बोलणाऱ्या बायका त्या झाडाला लाकडाचा छोटा पाळणा बांधतात. आत्याबाईंनी माझी मोटार बांधली होती.

मी खाऊ की गिळू अशी ह्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत होतं? आणि नेऊ दिलीत?"

"काय सांगून अडवायचं होतं?" हे म्हणाले. त्यावर मी आणखीच भांडले.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आम्ही करकंबला गेलो. आत्याबाई मला मुद्दाम देवळात घेऊन गेल्या. झाडाला पाळणेच पाळणे, काही रंग उडालेले, काही नुसत्या काड्या उरलेल्या. आणि त्यांच्यात, हाताला येईल अशा फांदीला, लाल नाड्याने बांधलेली अण्णांची मोटार. तिला हळद लावलेली, कुंकू लावलेलं, टपावर तेल ओतलेलं.

"पाळना सगळ्याच बांदत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "देवीला कसं कळायचं कुनाचं बाळ त्ये? मोटर बगितली की वळकंल, ह्ये सोलापूरचं. त्यातनं तू हिलाच लई जपतीस. म्हटलं, देवीला द्यायचं तर चांगलं द्यावं."

आभाळ भरून आलं होतं. माझ्या डोक्यात एकच, पाऊस पडला की आसाला गंज चढेल, चाकं अडकतील, रंग पोपडे धरून निघेल. मी हात जोडले, पण नजर मोटारीवर. देवीकडे मी बघितलं सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बैलांच्या मागे. शिंगं रंगव, झुली घाल, वाजंत्री. मी "जरा रानाकडं जाऊन येते" म्हणून निघाले आणि देवळात गेले. चिटपाखरू नव्हतं. नाड्याची गाठ आत्याबाईंनी अशी पक्की मारलेली की सुटता सुटेना. शेवटी दाताने तोडली. तोंडात कुंकवाची आणि तेलाची चव आली. नाड्यासकट मोटार कमरेला खोचली आणि पदर घट्ट लपेटून घरी आले. आत्याबाईंनी ताटात पुरणपोळी वाढली, त्यावर तूप ओतलं, आणि म्हणाल्या, "घाम किती आलाय गं तुला, उनाचं कशाला फिरतीस?"

सोलापूरला आल्यावर तेल पुसलं, हळद पुसली. नाकावरच्या जाळीतलं कुंकू मात्र निघेना. कपाटात अगदी मागे, साड्यांच्या घड्यांत मोटार ठेवली. मनाला सांगितलं, माझी वस्तू मी आणली. पाळण्यांत एक मोटार नाही म्हणून कुणाला काय कळणार आहे?

नवरात्राच्या आधी आत्याबाई आल्या त्या पायातल्या वहाणा काढायच्या आत बोलू लागल्या. "आगं पोरी, न्हेली! देवीनं न्हेली मोटर! मी बेंदरामागच्याच मंगळवारी गेलते, बगते तर फांदी मोकळी. रानातल्या कामातनं यायला आत्ता गावलं. नाडा सुदा न्हाय. पाळनं हायती तितंच हायती, येकाला हात न्हाय लागला. आपलीच तेवडी न्हेली!"

हे पेपर वाचत होते, त्यांचा पेपर हातातच राहिला. त्यांना तेव्हा कळलं मी काय केलंय ते. तोवर मी त्यांना देवळात मोटार बघून आले एवढंच सांगितलं होतं.

आत्याबाईंना आता थांबवणं शक्य नव्हतं. देवीने वस्तू स्वीकारली म्हणजे काम झालं. खालच्या मागवाल्यांच्या घरातल्या बाईला त्यांनी सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. माझ्या ताटातली पपई उचलून ठेवली. मी जिन्यावरून जरा भराभर उतरले की वरून हाका, "दमानं, दमानं!" आणि गाठोड्यातून जुनी मऊ लुगडी काढून त्या बाळाची गोधडी शिवायला बसल्या. मधे ह्यांच्या लहानपणच्या सदऱ्याचा तुकडा घातला. इतकी वर्षं तो त्यांनी जपून ठेवला होता. दोरा ओवता येईना, नजर अधू झालेली, म्हणून माझ्याकडे सुई द्यायच्या. मी दोरा ओवून द्यायचे. सोलापुरात घातलेला त्या गोधडीतला प्रत्येक दोरा माझ्या हातचा आहे.

मी ह्यांना म्हटलं, "सांगा हो त्यांना. मला बघवत नाही." हे म्हणाले, "तूच सांग. तुझ्यावर तिचा जीव आहे." मी म्हटलं, "तुमची आई आहे." असं आमचं एकमेकांवर ढकलणं चालायचं, खालच्या आवाजात, चहाचं भांडं वाजवत. बाहेर आत्याबाई टाके घालत असायच्या.

अर्धी झालेली गोधडी घेऊन त्या करकंबला परत गेल्या, आणि मला काही सुचेना. जेवण जाईना, बोर्डावर भलत्याच लाइनी जोडायला लागले. मुंबई म्हणाली, "सोलापूर, तुला झालंय काय?" तिलाही सांगता आलं नाही. शेवटी मनाने एक घेतलं, की जे केलं ते फिरवायचं. जिथून मोटार काढली तिथेच पुन्हा बांधायची. देवीचं देवीला. ह्याच्या पुढचा विचार मी केलाच नाही, देवाशपथ. चोरी फिटेल एवढंच डोक्यात.

ह्यांना ड्युटीचं निमित्त सांगितलं आणि एसटीने करकंब गाठलं. फाट्यावर उतरून गावात न जाता परस्पर रानातून देवळात गेले. नवा लाल नाडा नेला होता. त्याच फांदीला मोटार बांधली. निघताना त्या दोन दिव्यांवरून बोट फिरवलं. देवीच्या पुढे डोकं टेकलं, ह्या वेळी मनापासून, आणि तिन्हीसांजेच्या आत सोलापूरला परत आले. त्या दिवशी कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ह्यांना म्हटलं, "ठेवून आले." तेही म्हणाले, "बरं केलंस." एवढी शिकलेली आम्ही दोघं, आणि दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

दिवाळी झाल्यावर आत्याबाई आल्या. कळवून नाही, अचानक. बरोबर शेंगा नाहीत, पीठ नाही, एक लहान गाठोडं फक्त. मी सकाळची ड्युटी करून आले होते, चहा टाकला. त्यांनी चहाला हात लावला नाही. पदराची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटायला वेळ लागला. गाठीतून काळी मोटार निघाली.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "देवीनं परत दिली."

मला आधी कळेचना त्या काय म्हणतायत. मग कळलं. जिभेवर आलं होतं, आत्याबाई, मीच काढली, मीच बांधली. ओठ उघडले सुद्धा. पण मग त्या विचारणार होत्या, मग बाळाचं काय? आणि त्याचं उत्तर तर देवीने दिलं तेच होतं.

"मी घटकाभर बसले तितं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माज्या बगन्यात काय चूक हाय का. न्हाय. तीच फांदी. न्हेली व्हती, परत आनून बांदली. म्हंजी न्हाई म्हनली ती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नगं रडू. तुजा दोस न्हाय. आता डाक्टर नगं आन उपास नगं. तुमी दोगं सुकात ऱ्हावा."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटत होतं मी बाळासाठी रडतेय. थोडीशी त्यासाठीही रडत असेन.

दुपारी त्यांनी गाठोडं सोडलं. गोधडी होती, एका बाजूची कड तेवढी राहिलेली. माझ्याकडून दोरा ओवून घेऊन त्यांनी ती कड शिवून टाकली. मग कपाटाचा खालचा कप्पा उघडला, गाड्या बाहेर काढल्या, गोधडीची घडी घालून तिथे अंथरली.

"तुज्या गाड्या पत्र्यावर लई वाजत्यात," त्या म्हणाल्या. "ही घाल खाली. रंग जायाचा न्हाय." तोवर त्या कधी तुझ्या गाड्या म्हणाल्या नव्हत्या. बाळाच्याच म्हणायच्या.

काळी मोटार त्यांनी शेवटी ठेवली. ठेवता ठेवता विचारलं, "ही मातुर तुला लई लाडकी. का गं?"

तेव्हा मी सांगितलं. अण्णा, गोरा साहेब, शेड, पुढचे दोन दिवे. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोटार पुन्हा हातात घेतली, पदराने पुसली, आणि म्हणाल्या, "आगं मग त्या टायमालाच सांगायचं की, पोरी. मी दुसरी बांदली असती."

त्यानंतर आत्याबाई पुष्कळ वर्षं होत्या. बोलण्यात, वागण्यात काडीचा फरक नाही. माझ्यासाठी काळा मसाला यायचा, शेंगा यायच्या. फक्त मंगळवारी त्या देवळात जायच्या बंद झाल्या. नवी नवरी म्हणून करकंबला आल्यापासून त्यांचा मंगळवार चुकला नव्हता. जाऊबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "गुडगं दुकत्यात." शेतावर जाताना मात्र चालत जायच्या.

आमच्याकडून नातवंड मिळणारच नव्हतं त्यांना. देवी होती, ती मी घालवली. हे ह्यांनाही कधी बोलले नाही, त्यांना कळत असावं.

पुढच्या बेंदराला गेलो तेव्हा सण झाल्यावर आम्ही सगळ्या बायका बैलगाडीतून शेतावर चाललो होतो. देऊळ आलं तसं सगळ्यांनी हात जोडले. आत्याबाई माझ्या शेजारी होत्या. त्या पदर सावरत दुसऱ्या बाजूच्या उसाकडे बघत राहिल्या. मी हात जोडले होते.